शके, तुझ्या अंगात देवी नव्हती

लिंबायत, सुरत
श्रावण, १९९७

लाडके शके,

मेलेल्या माणसाला पत्रं लिहिणाऱ्या बाया मला आवडत नाहीत. मी चौथी शिकलेली. पोस्टकार्डावर 'इकडे सर्व खुशाल' यापुढे मला कधी काही लिहावं लागलं नाही. पण आज डोकं इतकं तापलंय की कोणाशी बोलले तर भांडण होईल, म्हणून तुला लिहिते. तू तरी आता मधे बोलणार नाहीस.

झालं असं. रविवारी कानबाई बसायची आहे, आपली खानदेशची देवी. मोठी सून म्हणून दरवर्षीसारखी माझ्याच घरी. सकाळी भाऊबंद जमले होते. नैवेद्याच्या रोटाचे गहू कोण दळून आणणार, गाणाऱ्या बाया कुठल्या सांगायच्या, असलं ठरवायला. चहा झाला आणि आपली चुलतसासू, गोदाकाकू, पदर सावरून म्हणाली, "यंदा कानबाईपुढे संगीले बसाडा. शकीचं वारं पोरीत उतरलंय."

तुझी संगी, शके. सतराची पोर. आईला जाऊन वर्षही झालेलं नाही तिच्या. मागच्या आठवड्यात सुभाष कामावरून उशिरा आला तेव्हा तिने जेवणाचं ताट भिंतीवर मारलं आणि रडली, एवढंच. तेवढ्यावरून या लोकांनी पोरीची देवी करून टाकली.

आणि तुझा नवरा काय म्हणाला असेल? खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, घरात देवीचं येणं राहिलं तर चांगलंच आहे."

मी म्हटलं, "उठा सगळे. घरी जा." आमच्या यांनी मला डोळे दाखवले. मी यांनाही म्हटलं, "तुम्हाला बसायचं तर बसा, पण तोंड बंद." गोदाकाकू चपला शोधत पुटपुटली, "हिला देवीचं भय नाही." मला भय आहे, म्हणून तर बोलले. कानबाईला काही सांगायचं असलं तर तिला एका रडणाऱ्या पोरीचाच गळा कशाला लागतो?

तुझ्याही गळ्याचं यांनी तेच केलं.

लहानपणी तू कशी होतीस, हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? मी शाळेत गेले की तू दारात बसून रडायचीस. मी आले की मिठी मारण्याआधी दंडाला चावायचीस. "का गेलीस?" म्हणून चावायचीस आणि मग चावल्या जागी फुंकर घालत बसायचीस. आई म्हणायची, स्वभाव आहे, लग्न झालं की जाईल. आपल्या दोघींना एकाच घरात दिलं. मी थोरल्याची, तू धाकट्याची. लोक म्हणाले, सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा झाल्या, नशीब काढलं. तुझं लग्न झालं आणि तुझा स्वभावही हुंड्यासारखा तुझ्याबरोबर सुरतेला आला.

सुभाष लूमच्या कारखान्यातून सुटल्यावर चहाला थांबला की संपलं. तू गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी. तो दिसला की शिव्या, डबा फेकणं. दुसऱ्या मिनिटाला त्याच्याच पायाला मिठी, "मला टाकून जाऊ नका." तो बिचारा म्हणायचा, "अगं, मी चहा प्यायलो, चहा." शेजारणींच्या बाबतीतही तसंच. नवी शेजारीण आली की महिनाभर ती तुझी जिवाची मैत्रीण. तिने एकदा दुसरीबरोबर बाजार केला की ती सटवी. मी सकाळी देव आणि संध्याकाळी वैरीण. तुझ्याबरोबर राहून मला तर आज माझी देवाची पाळी आहे की वैरिणीची तेच कळायचं नाही.

सगळे म्हणायचे, नाटकी आहे. मीही वैतागून म्हणाले असेन. पण नाटक करणारा माणूस नंतर निवांत जेवतो. तू जेवायची नाहीस, झोपायची नाहीस. तोंड भिंतीकडे करून पडायचीस आणि म्हणायचीस, "आक्का, मी वाईट आहे का व?"

पहिल्यांदा 'अंगात आलं' ते वर्ष मला पक्कं आठवतं. बाया गाणी म्हणत होत्या. तू कानबाईच्या चौरंगापुढे बसली होतीस. एकदम केस सोडून ओरडायला लागलीस. काय ओरडत होतीस? "सगळे मला टाकून जाल. एकेकाला बघून घेईन." हे तर तू दर आठवड्याला ओरडायचीस! पण कानबाईपुढे ओरडलीस म्हणून गोदाकाकूने तुझे पाय धुतले, हळदकुंकू लावलं, ओटी भरली. सुभाषने डोकं टेकवलं, "माय, काय चुकलं?" म्हणाला. सोमवारी तापीवर कानबाईचं विसर्जन केलं. त्याच आठवड्यात तू तेच शब्द स्वयंपाकघरात ओरडलीस तर त्याच सुभाषने तुझ्या थोबाडीत दिली. चौरंगापुढे देवी, चुलीपुढे नाटकी. शब्द तेच, बाई तीच. एकालाही यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

मग भगत झाला, लिंबं झाली, अंगारा झाला. गल्लीतल्या डॉक्टरने बाटली लावली आणि म्हणाला, "हिस्टेरिया आहे, लाड कमी करा." लाड? कोणते लाड बघितले होते त्याने?

आपण दोघी साड्यांचे धागे कापायचं काम घरी आणायचो. एक दिवस तू त्याच ब्लेडने हात कापून घेतलास. मी तुला रिक्षात घातलं आणि मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. रिक्षात विचारलं, "मरायचं होतं का गं तुला?" तू म्हणालीस, "नाही आक्का. मला कळलंच नाही आत काय चाललंय." टाके घालणाऱ्या पोरीने तुझ्या हातावरच्या जुन्या खुणा बघितल्या आणि चिठ्ठी देऊन आपल्याला वरच्या मजल्यावर पाठवलं. पाटी वाचून तू जिन्यातच बसलीस. "आक्का, हे वेड्यांचं आहे." मी म्हटलं, "असू दे. आपण दोघी शहाण्या, बघून येऊ."

ती डॉक्टरीणबेन आठवते ना? बारीकशी, गुजराती, अर्धं हिंदी अर्धं आपलं बोलणारी. मला वाटलं ही एक सुई मारेल आणि सोडेल. मी म्हटलं, "रक्त तपासा, फोटो काढा, काय ते एकदाचं सांगा." ती हसली. "मासी, इसका फोटो नहीं निकलता." रक्त तपासलं तिने, गळ्याच्या गाठीचा काही त्रास नाही ना, ते बघायला. बाकी नुसतं विचारणं. कानात आवाज येतात का? कधी झोपेशिवाय दिवसच्या दिवस उड्या मारतेस का? लहानपणी कशी होतीस? मैत्रिणी टिकतात का? तुला विचारलं, मला वेगळं बसवून विचारलं, सुभाषला बोलावून विचारलं. मी वैतागले. एवढ्या खेपा आणि अजून आजाराचं नाव नाही? ती म्हणाली, "मासी, घाईने नाव दिलं तर चुकीचं नाव आयुष्यभर चिकटतं."

मग एक दिवस तिने तुला विचारलं, "सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

तू म्हणालीस, "हे कामावरून आलेच नाहीत तर?"

"रोज येतात ना?"

"रोज येतात. पण आज नाही आले तर?"

डॉक्टरीण नुसती मान हलवत होती. मी बाजूला बसून ऐकत होते आणि मला पहिल्यांदा तुझी कीव आली, राग नाही आला. जन्मभर तू त्या 'आज नाही आले तर' मध्येच उभी होतीस.

मग तिने नाव सांगितलं. व्यक्तिमत्त्वाचा आजार. मी म्हटलं, "बेन, साधं सांगा. स्वभाव कधी आजारी पडतो का?" ती म्हणाली, स्वभाव सगळ्यांना असतो. कोणी तापट, कोणी हळवा. पण एखाद्याचा स्वभाव त्यालाच सुखाने जगू देत नसेल, घरीदारी सगळीकडे सारखाच नडत असेल, वर्षानुवर्षं तसाच, आणि त्याला स्वतःला वाटूनही बदलता येत नसेल, तर तो आजार. वेड नाही, भूत नाही, नाटक तर मुळीच नाही. याच्यात अनेक जाती आहेत म्हणाली. कोणी सगळ्यांवर संशय घेतो, कोणाला प्रत्येक गोष्ट आपल्याच मापात लागते. मी लगेच म्हटलं, "मग आमच्या गोदाकाकूला हीच जात आहे." ती म्हणाली, "मासी, घरी जाऊन एकेकाला आजार वाटत बसू नका." तू किती हसली होतीस! त्या दवाखान्यात हसलेली बाई मी एकच बघितली, तू.

आणि इलाज काय, तर बोलणं. झोपेची आणि मन शांत राहायची गोळी थोडी, पण मुख्य इलाज बोलणं. दर गुरुवारी. मला हसूच आलं. बोलून कोणाचं काय बरं झालंय? आपल्या गल्लीत बोलणं कमी आहे का? पण ते आपल्यासारखं बोलणं नव्हतं. आत भडका उठला की लगेच काही करायचं नाही, नळाखाली हात धरायचे, जे वाटतंय ते तोंडाने नीट सांगायचं, थोडं थांबायचं, हे ती तुला शिकवत होती. पोरीला अक्षर गिरवायला लावतात तसं, पुन्हा पुन्हा. आम्हालाही शिकवलं. मारायचं नाही. घाबरून सगळे हट्टही पुरवायचे नाहीत. जे जमणार नाही ते कबूल करायचं नाही. सुभाषला सांगितलं, उशीर होणार असेल तर जातानाच सांगून जा. एवढीशी गोष्ट. म्हणाली, दोन वर्षं लागतील, जास्तही लागतील, पण बऱ्याच जणी सुधारतात.

आणि तुला फरक पडत होता, शके. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. एक दिवस तू माझ्या दारात आलीस, हात ओले, आणि म्हणालीस, "आक्का, भडका उठलाय. काही बोलू नको, नुसती जवळ बस." मी बसले. धागे कापत बसले. थोड्या वेळाने तू उठून भाजी टाकायला गेलीस. ना ताट फुटलं, ना कोणी रडलं. कोणी बाहेरचा असता तर त्याला काही घडलं असं वाटलंच नसतं. मी घरात जाऊन देवापुढे दिवा लावला.

मग कोणी मोडलं ते? सुभाषच्या कारखान्यातल्या लोकांनी त्याला चिडवलं, "बायकोला हजेरी देऊन येतो का रे?" तो सांगून जायचा बंद झाला. घरातले म्हणाले, सुई नाही, बाटली नाही, नुसतं बोलायला काय जायचं? आणि श्रावण जवळ आला तशी गोदाकाकूने शेवटची काडी लावली. "गोळ्या खाणाऱ्या बाईच्या अंगात कानबाई येत नाही."

पण तुझ्यावरही माझा राग आहे. तूच गोळ्या मोरीत टाकल्यास. गुरुवारी मी चप्पल घालून दारात उभी राहिले, तर म्हणालीस, "मी येत नाही. तिथे मी पेशंट आहे आक्का. कानबाईपुढे माझ्या सगळे पाया पडतात." वर्षभर लाथा खाणाऱ्या माणसाला एक दिवस पूजा मिळाली तर तो तिच्यासाठी काहीही देईल. पण तू सगळंच दिलंस. एवढं महाग का घेतलंस गं?

त्या श्रावणात पुन्हा तुझे पाय धुतले, आणि दिवाळीपर्यंत तू पहिल्यापेक्षा वाईट झालीस. मी डॉक्टरीणबेनकडे एकटी जाऊन आले. ती म्हणाली, रागावू नका, मधेच सोडतात, परत येतात, दार उघडं ठेवा. मी दार उघडंच ठेवलं होतं.

पुढचं लिहिताना मला अजून संताप येतो. मी पारोळ्याला नणंदेच्या बाळंतपणाला गेले होते. इकडे तुझं पोट दुखायला लागलं. तू सांगितलंस, ओरडलीस, जमिनीवर लोळलीस. सगळे काय म्हणाले? शकीचं सुरू झालं. गोदाकाकूने पोटाला अंगारा लावला. ताप चढला तर म्हणाली, देवी तापली. गल्लीतला डॉक्टर आला, दारातूनच हसला, "हिला तर मी ओळखतो." झोपेची सुई देऊन गेला. पोटाला हात लावला नाही! शेजारणीने मला एसटीडी बूथवरून फोन केला, तेव्हा मी निघाले. मी पोहोचायच्या आधी संगीनेच रिक्षा थांबवून तुला दवाखान्यात नेलं होतं. अपेंडिक्स फुटलं होतं.

खरं दुखलं तेव्हाही तुझं कोणी खरं धरलं नाही. नाटकी हा शिक्का तुझ्या नावावर मारला होता ना, मग पोट तपासायची गरजच काय? तुला त्या स्वभावाच्या आजाराने मारलं नाही, शके. त्या आजाराला आजार न म्हणणाऱ्यांनी मारलं. आणि वरून गल्लीत सांगतात काय, तर देवीने नेली.

मागच्या गुरुवारी मी संगीला तिकडे घेऊन गेले. ताटाच्या प्रकारानंतर. डॉक्टरीणबेन तीच आहे. मला बघून खूश झाली. "शकुंतलाबेन केम छे?" मी म्हटलं, "गेली. अपेंडिक्स." तिने पेन खाली ठेवलं. मग संगीशी बोलली, मला बाहेर बसवून. नंतर मला सांगितलं, "मासी, ही दुःखात आहे. आई गेली, आणि तिने स्वतः रिक्षा शोधली, हे तिच्या डोक्यातून जात नाही. आईला होतं म्हणून पोरीला होणारच असं नाही. या वयात मी असं नाव चिकटवतच नाही. फक्त तिला येऊ द्या." बघ, जी शिकलेली आहे ती नाव द्यायला घाबरते. आणि आपली गोदाकाकू चहा पिता पिता पोरीला देवीचं नाव देऊन मोकळी.

सगळे गेल्यावर सुभाष परत आला आज. उंबऱ्यातच उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, देवीने नेली असं समजतो म्हणून मला झोप लागते. देवी नव्हती म्हणता, तर सांगा, तिला कोणी मारलं?"

मला त्याची दया आली नाही असं नाही. पण मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "तू, गोदाकाकू, तो सुईवाला. आता पोरीलाही त्याच चौरंगापुढे बसवशील तर तेव्हा तुला कोणती देवी झोपवेल?"

तो तिथेच खाली बसला आणि रडला. मी त्याला पाणी दिलं. समजूत काढली नाही. त्याने विचारलं, "दवाखान्यात मला येऊ देतील का?" मी म्हटलं, "तुलाच आधी बोलावलं असतं त्यांनी, तू गेला असतास तर."

संगी हे सगळं मोरीत कपबश्या धूत ऐकत होती. तो गेल्यावर माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, माझ्यात खरंच आई येते का गं? येत असली तर येऊ दे ना."

शके, गोदाकाकूला मी उत्तर देऊ शकते, भाऊबंदांना देऊ शकते. या पोरीला काय देऊ? कानबाईसाठी नाही, पाया पडून घ्यायला नाही. तिला तू हवी आहेस. तेवढ्यासाठी ती केस सोडून घुमायलाही तयार आहे.

मी तिला म्हटलं, "आई येत नाही, बेटा. आठवण येते. ती माझ्यातही येते. तिच्यासाठी चौरंगापुढे बसावं लागत नाही, इथे माझ्याजवळ बस." बसली. खूप रडली. मी पण. हे मी कोणाला सांगणार नाही, तूही सांगू नको.

आता ऐक, कबूल करते ते. जे जमणार नाही ते मी कबूल करत नाही, तुला माहीत आहे. रविवारी कानबाई बसेल, गाणी होतील, रोट होतील, काही कमी करणार नाही. संगी माझ्या शेजारी बसेल. रडू आलं तर तिला आत नेऊन मांडीवर घेईन. तिच्या पायाकडे कोणी हळदकुंकवाचं ताट नेलं तर ते ताट मी काढून घेईन, मग ती गोदाकाकू असो की आमचे हे. गुरुवारी आम्ही तिघं दवाखान्यात जाऊ, सुभाषही. पुढच्या गुरुवारी पुन्हा. पोर कंटाळली, रुसली, मला सटवी म्हणाली, तरी पुन्हा.

आणि गल्लीत कोणी विचारलं, शकीला काय झालं होतं, तर मी सांगेन, आवाज न लपवता सांगेन. तिला एक आजार होता. त्याला नाव आहे. त्याच्यावर इलाज होता, आणि तो लागूही पडत होता. आम्ही तो सुटू दिला. तिच्या पोरीचा सुटू देणार नाही.

तुझी,
आक्का